पोर्शनमध्ये चिकू का नाही?

गेल्या पावसाळ्यात चिंचणीकडे एका नातेवाइकांच्या वाडीत बसलो होतो. झाडांखाली कुजक्या चिकूंचा नुसता खच. घरातला पुतण्या पहिल्या वर्षाला सायन्सला, बायोलॉजी घेतलेला. वहीतली मायटोकाँड्रियाची आकृती छापल्यासारखी सुबक. वाडीचे मालक त्याला म्हणाले, "अरे, आपला चिकू पावसात का कुजतो, तेवढं विचार ना तुझ्या सरांना." पोरगा म्हणाला, "काका, ते पोर्शनमध्ये नाही."

पोरगा खोटे बोलला नाही. पण ज्या वाडीच्या पैशावर त्याची फी भरली जाते ती वाडीच पोर्शनबाहेर, हे काही मनाला पटले नाही. पालघर-बोईसरकडच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र इथल्या चालू प्रश्नांपासूनच सुरू व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी प्रश्न, मग त्यातून धडा.

चिकूचेच घ्या. पावसात फळ कुजवणाऱ्या फायटोफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण नात्याने तो खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळाच्या जवळचा. त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरातून चक्क पोहत जातात. म्हणून दाट, वारा न खेळणाऱ्या वाडीत झड लागली की तो फोफावतो. सुपारीचा कोळेरोग त्याच्याच भाऊबंदांचा. १८४५ पासून आयर्लंडात बटाटा बुडवून ज्याने दुष्काळ पाडला तोही याच कुळातला. वर्गीकरण, पुनरुत्पादन, रोग आणि हवामान यांचा संबंध, असे तीन-चार धडे एका कुजक्या फळात आहेत. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक या कुळावर चालत नाही, हेही मुलाला त्यातूनच कळेल. मग दुकानदार देईल ती बाटली घेण्याआधी तो दोन प्रश्न विचारील. त्या दोन प्रश्नांची किंमत वाडीवाल्यांना आम्ही सांगायला नको.

याहून मोठा विषय सिकलसेलचा. जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या पाड्यांवरून कॉलेजात येणाऱ्या मुलांच्या घरादारातला हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदलतो आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. इथे लोकांची गफलत होते. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील, असे गावात बोलले जाते. तसे नसते. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो. जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, तपासणी होते, कार्डही मिळते. कार्डावरचा अर्थ पाड्यावर समजावून सांगणारे त्याच पाड्यावरचे पोरगे असेल तर किती फरक पडेल! वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. नैसर्गिक निवड शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठले शोधणार? एक पथ्य मात्र पाळावे. वर्गात कुणाची तपासणी करू नये, नावे तर मुळीच घेऊ नयेत. मुलगी वाहक आहे हे गावभर झाले की तिच्या लग्नाचे काय होते, ते आपण जाणतो.

बोईसरच्या मुलांना प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही, नाक पुरे आहे. २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण घेऊन देशात पहिले आले. असला पहिला नंबर कुणाला हवा होता? मांगेला समाजाच्या परिषदेने खाडी-समुद्रातल्या सांडपाण्याबद्दल हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. त्या कज्जात 'बीओडी', 'सीओडी' असे शब्द येतात आणि सरपंच नुसती मान डोलावतात. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती प्राणवायू संपवतात त्याचे माप. नमुन्याची बाटली तीन दिवस २७ अंशांवर ठेवून ते काढता येते. माशाला श्वास का पुरत नाही, हे त्या बाटलीतून जितके कळेल तितके पुस्तकातून कळायचे नाही. अणुवीज केंद्र १९६९ पासून शेजारी आहे. पेशीविभाजन शिकवताना किरणोत्सर्गाविषयी चार शब्द बोललेच पाहिजेत.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, पोर्शन कधी पुरा करायचा? शिवाय उद्या कुणाचा फोन आला तर? भीती अगदीच खोटी नाही. म्हणून वर्गात घोषणा नको, मोजमाप हवे. कारखान्यावर राग असूनही "या नमुन्यात दोष दिसत नाही" असे लिहायची हिंमत ज्याला आली, तो विज्ञान शिकला. मात्र तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाकडून हे सगळे फुकट मागणे बरे नव्हे. त्याच्या तासांत ते धरले पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला हे नवीनही नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोरे शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. कॉलेजला वाडीपर्यंत येणे त्याहून अवघड आहे काय? नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. त्याची फक्त रॅली, फोटो आणि फाईल होऊ नये एवढेच.

यात गावाचेही काम आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या ग्रामसेवकभाऊंनी, पाणी तपासणीची नोंदवही मुलांना पाहू द्यावी. जलजीवन मिशनचा तपासणी संच कपाटात पडून असेल तर तो बाहेर काढावा. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, लहान मासळी न धरण्याचे नियमही आले. सातपाटीच्या सोसायट्यांनी मुलांना बंदरावर मासळी मोजू द्यावी. वाडीवाल्यांनी पाच झाडे अभ्यासाला सोडावीत. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे. येत्या ग्रामसभेत असा ठराव घालून जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना पाठवावा. जूनमध्ये प्रवेश सुरू होतील, त्याआधी पाठवला तर बरे.