शीकर

आमचे चिरंजीव क्यालिफोर्नियांत नोकरीस असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तिकडे गेलों होतों, तेव्हां मे महिन्याच्या अखेरीस योसेमिटी नांवाच्या राष्ट्रीय उद्यानांत दोन दिवस राहण्याचा योग आला.

धबधबा म्हटला कीं आपणां सह्याद्रीकडील माणसांच्या मनांत आषाढ उभा राहतो. तिकडे प्रकार उलट. वृष्टि हिवाळ्यांत, व उंचावर ती बर्फाच्या रूपानें. ऊन तापूं लागलें म्हणजे तें बर्फ वितळून कडेकपारींतून कोसळूं लागतें. सुमारें २,४२५ फूट उंचीचा मुख्य धबधबा ऑगस्टांत पुष्कळदां कोरडा पडतो म्हणे! अब्राहम लिंकन यांनीं १८६४ सालीं हें खोरें लोकांसाठीं राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली, व १८९० सालीं भोंवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. त्यापूर्वीं, १८५१ मध्यें, तेथील मूळच्या रहिवाशांस शस्त्रबळानें हुसकून लावण्यांत आलें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं मर्सेड नदीच्या कांठानें व्हर्नल धबधब्याकडे निघालों. पाऊण मैलावर लांकडी पूल आहे. तेथें आमची मंडळी सूनबाईंसह बसून राहिली. पुढें सहाशेंवर दगडी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी ओली. ३१७ फुटांवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर येत होते व पायांशीं इंद्रधनुष्य पडलें होतें. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांतील गंगेच्या शीकरांचा श्लोक आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला, ‘शीकर म्हणजे जलकण’ असें फळ्यावर लिहून दिलें. चष्मा पुसून पुसून थकलों, तेव्हां त्या शब्दाचा अर्थ आम्हांस कळला.

माथ्यावर कड्यालगत लोखंडी कठडा आहे. त्याच्या वरच्या अंगास मात्र गुळगुळीत खडक थेट पाण्यांत उतरतो, आणि तेथें पाणी घोट्याएवढें व अगदीं शांत दिसतें. एक ओंजळ घ्यावी असें मनांत आलें. चिरंजीव छायाचित्र घेण्यांत गुंतले होते. आम्ही दोन पावलें उतरलों. तिसरें पाऊल सरकलें आणि आम्ही खडकावर बसलों तें घसरतच! अकरा वर्षांच्या नातवानें मागून आमच्या कोटाची कॉलर धरली.

“आजोबा, पाटी वाचली नाहीं का?”

पाटी वाचली होती. जन्मभर मुलांना वाचावयास लावणाऱ्या माणसानें ती वाचली होती, आणि ती इतरांसाठीं आहे असें मानलें होतें. २०११ च्या जुलैंत ह्याच माथ्यावर कठडा ओलांडून गेलेले तिघे तरुण पाण्याबरोबर कड्याखालीं गेले, हें चिरंजीवांनीं नंतर सांगितलें. सांगतांना ते आमच्याकडे पाहत नव्हते. उतरतांना त्यांनीं आमचा दंड शेवटपर्यंत सोडला नाहीं व आम्हींहि सोडविला नाहीं.

पुलावर मंडळींनीं विचारलें, “अहो, तळहात कशानें सोलला?”

“पायऱ्या ओल्या होत्या,” आम्ही म्हणालों. नातवानें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि तो खाऊचा डबा उघडूं लागला.

हा अंक घरीं आला म्हणजे प्रथम त्या वाचतात.