खिडकीच्या लाकडी पापण्या

फ्लॅटचं पझेशन मिळालं, मॉड्युलर किचन झालं, आता बेडरूमच्या खिडकीला काहीतरी हटके हवंय? पडद्यांचा कंटाळा आला असेल, तर लाकडी शटर्स बघा. तशी ती आपल्याला नवी नाहीत. गिरगावात खोताच्या वाडीत किंवा पणजीच्या फोंतेन्हासमध्ये एक चक्कर मारलीत की लक्षात येईल. वारा आत, ऊन बाहेर, असा साधा फंडा!

स्टाईल्स तशा तीनच. उभ्या फळ्यांना मागून आडव्या पट्ट्या ठोकलेली झडप गावाकडचा लूक देते आणि स्वस्तात होते. पॅनलची झडप भारदस्त दिसते, पण बंद केली की खोलीत अंधार. तिसरी पट्ट्यांची, म्हणजे लुव्हर्सची. माझं मत हिलाच! फक्त पट्ट्या फिरणाऱ्या घ्या. अडीच इंची पट्टी लहान खिडकीला शोभते, मोठ्या खिडकीला साडेतीन इंची घ्या, उजेड जास्त येतो. झडप उंच असेल तर मध्ये एक आडवी पट्टी हवीच, नाहीतर चौकट लवते.

आता खरी गोष्ट. मागे मी हौसेने एमडीएफची रेडिमेड शटर्स आणली. खिडकी पावसाच्या तोंडावर. जूनमध्ये जी फुगली, ती कायमचीच. तेव्हा ओल येणाऱ्या खिडकीला सीझन केलेलं सागवानच बरं. तेही पावसाळ्यात आडवं फुगतं, म्हणून पॅनल चौकटीच्या खाचेत सैल बसवायला सांगा, तिथे फेव्हिकॉल नको. सुतार 'पक्कं करून देतो' म्हणेल, ऐकू नका. पक्कं केलेलं पॅनल तडकतं. वरच्या-खालच्या कडांना पॉलिश लावलंय ना, तेही वाकून बघा. पाणी तिथूनच शिरतं. समुद्राजवळ राहत असाल तर बिजागऱ्या पितळेच्या घ्या.

बाहेर ग्रिल असेल तर झडपा आत उघडणार, म्हणजे बेड किंवा कपाट आड येत नाही ना, ते आधी मोजा. जागा कमी असेल तर घडीच्या झडपा करा. बाहेरून लावायच्या तर सोसायटीला विचारा. आणि नुसत्या शोभेच्या असल्या तरी प्रत्येक झडप खिडकीच्या निम्म्या रुंदीची ठेवा. चिंचोळ्या झडपा उसन्या आणल्यासारख्या दिसतात.

हो, पट्ट्यांवरची धूळ कोण पुसणार, तेही घरात ठरवून घ्या. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी हात जोडले!