बाटलीबरोबर सल्लाही हवा

बालक म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा बहुधा वजनावरून ठरते. पॅरासिटामॉलचे पातळ औषध आपल्या बाजारात ५ मिलिलिटरला १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रमाणांत मिळते. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर मुलाच्या पोटात दुपटीहून अधिक औषध जाते. दमा, अपस्मार यांसारख्या दीर्घ आजारांत तर अशी चूक जिवावर बेतू शकते.

हे मातापित्यांना समजावून सांगणारा सर्वांत जवळचा जाणकार म्हणजे नोंदणीकृत औषधनिर्माता. २०१५ च्या विनियमांनी रुग्णाचे समुपदेशन त्याच्या कर्तव्यांत गणले आहे. मात्र या सेवेचे मोल कोणी द्यायचे? २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे कवच देते, परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. घरी परतल्यावर औषधे केवळ १५ दिवसांची. अपस्माराचे औषध तर वर्षानुवर्षे चालते.

अमेरिकेने २००३ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्यात औषधयोजनेच्या आढाव्याची तरतूद केली. आपण आरंभ मुलांपासून का करू नये? परवाना एकाचा आणि गल्ल्यावर दुसराच, हा प्रकार सर्वपरिचित आहे. म्हणूनच प्रथम जिल्हा रुग्णालयांत, नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या स्वाक्षरीने, दीर्घ आजारी मुलांच्या औषधांचा नियमित आढावा घेतला जावा आणि त्याचा मोबदला योजनेतून मिळावा. मूल रुग्णालयात पोहोचल्यावर लाखो रुपये देणारी व्यवस्था, ते तेथे पोहोचूच नये यासाठी थोडे द्रव्य वेचू शकत नाही काय?