पहाटे तीनची कटकट

परवा ऑफिसातल्या एका मित्राने सार पासचे फोटो दाखवले आणि वर तक्रार केली, "गाईड येडाच होता यार! पहाटे तीनला उठवलं आणि वर फोटोला दहा मिनिटं थांबू देईना." मला मात्र त्या गाईडला सलाम ठोकावासा वाटला.

कारण असं की, एप्रिल-मे मधला हिमालयातला बर्फ एका दिवसात दोनदा स्वभाव बदलतो. रात्र निरभ्र असली की दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि बर्फाचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं आणि हीच पकड सुटते. मग ३० ते ४५ अंशांच्या उतारावरचा ओला, जड बर्फ कधीही खाली येऊ शकतो. पाय खोल रुतायला लागले, वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की समजायचं उशीर झालाय. आणि रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ नीट गोठतच नाही. तेव्हा पहाटे निघूनही फारसा उपयोग नाही.

आपल्याला सह्याद्रीची सवय. तिथला घसारा डोळ्यांना दिसतो. बर्फाचा उतार शांत, सुंदर दिसतो. पुढचे दहाजण सुखरूप गेले म्हणून अकरावा जाईलच असं नाही. (आपलंही 'माझ्या मशीनवर तर चालतंय' असंच असतं ना?)

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथु लाच्या रस्त्यावर भर दुपारी हिमस्खलन होऊन ७ पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता, लोक त्यापुढे गेले, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर ठीक, पुढे जगण्याची आशा झपाट्याने घसरते. म्हणजे वाचवणारे कोण? सोबतचेच.

माझं म्हणणं एवढंच की धोका नुसता बर्फात नसतो, आपल्या सुट्टीच्या अर्जात आणि परतीच्या तिकिटातही असतो. गाईड मागे फिरला की आपण पैसे परत मागतो, नेटवर एक स्टार देतो. मीही एकदा अशीच कुरकुर केली होती, आता लाज वाटते. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा : मागे फिरायची वेळ कोणती, आणि शेवटचा शब्द कोणाचा? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा ग्रुप शोधा. स्पष्ट आलं, तर तिथे गेल्यावर तो शब्द निमूट ऐका.

पास पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. बघा पटतंय का.