न पाहिलेल्या मालाची हमी

तांदूळ घेताना आपल्या घरातील वडीलधारी मंडळी दोन-चार दाणे तळहातावर घेत, एखादा दाताखाली फोडून पाहत, मूठभर नाकाशी नेत आणि मगच भावाची गोष्ट काढीत. ही पारख म्हणजे ग्राहकाचे हक्काचे शस्त्र होते. आज तोच ग्राहक मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवून तांदूळ मागवतो. दाणा दिसत नाही, दिसते ते दाण्याचे छायाचित्र. दुकानदार दिसत नाही, दिसतात त्याच्या नावापुढचे चार-पाच तारे. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण ऑनलाईन बाजारपेठ येण्याच्या कितीतरी आधीची असली, तरी तिचा खरा प्रत्यय आताच येऊ लागला आहे.

हा प्रश्न केवळ महानगरांतील ग्राहकांचा आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. मावळातील पवनानगरचेच उदाहरण घ्यावे. पवना धरणाच्या पायथ्याशी वसलेली ही बाजारपेठ. आसपास लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांचा पहारा. या परिसरातून आज किमान तीन गोष्टी ग्राहकाने प्रत्यक्ष न पाहता विकल्या जातात: इंद्रायणी तांदूळ, हरितगृहातील गुलाब आणि जलाशयाच्या काठावरील तंबूतला मुक्काम. या तिन्ही व्यवहारांत विश्वासाची स्थिती मात्र सारखी नाही, आणि त्यातच शिकण्यासारखे बरेच काही आहे.

गुलाबापासून सुरुवात करू. मावळातील गुलाब १४ फेब्रुवारीच्या आधी परदेशी रवाना होतो. युरोपातील खरेदीदार काही हरितगृहात येऊन फूल हाती धरून पाहत नाही. तरीही तो पैसे मोजतो, कारण दांड्याची लांबी मोजून प्रतवारी केलेली असते, रोगकीड नसल्याचे प्रमाणपत्र सोबत असते, शीतगृहापासून विमानापर्यंतची साखळी ठरलेली असते. माल कमअस्सल निघाला, तर तो कोणाच्या शेतातून निघाला हे शोधता येते. येथे विश्वास गोड बोलण्यावर उभा नाही. तो मोजमापावर आणि उत्तरदायित्वावर उभा आहे.

आता दुसरे टोक पाहू. पवना आणि लोणावळा परिसरातील तंबू व बंगल्यांच्या नावाने समाजमाध्यमांवर बनावट जाहिराती द्यायच्या, आगाऊ रक्कम मागवायची आणि नंतर दूरध्वनी बंद ठेवायचा, असे प्रकार घडत आले आहेत. छायाचित्र एका जागेचे, पत्ता दुसऱ्या जागेचा आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यात! सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह आलेले कुटुंब रात्री रस्त्यावर उभे राहते, तेव्हा ते फसवणाऱ्याचे नाव विसरते. पवनेचे नाव मात्र लक्षात ठेवते. ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांच्यातील अनेक तरुणांनी काठावर चार तंबू उभारून रोजगार मिळवला आहे. दूर कुठेतरी बसलेल्या भामट्याच्या करणीची किंमत अशा प्रामाणिक तरुणाला मोजावी लागते. गावाची पत ही सामाईक विहिरीसारखी असते. एकाने ती नासवली, तरी पाणी सगळ्यांचेच जाते.

तांदळाची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे. इंद्रायणी हे मावळातील भात संशोधनातून पुढे आलेले, आंबेमोहोराशी नाते सांगणारे वाण १९८७ साली प्रसारित झाले. त्याचा सुवास आणि मऊपणा घरोघरी पोहोचला. परंतु इंद्रायणी हे वाणाचे नाव आहे, गावाचे नव्हे. ते कोणीही, कुठेही पिकवू शकतो. म्हणूनच 'मावळचा अस्सल इंद्रायणी' या जाहिरातीतील 'मावळचा' आणि 'अस्सल' या दोन शब्दांना पुरावा हवा. शेजारच्या मुळशी तालुक्यातील आंबेमोहोर तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे कुंपण घालण्याचा तो एक मार्ग आहे. पण ज्या मालाला असे कुंपण नाही, त्याची हमी विक्रेत्यालाच तयार करावी लागते.

'आमचे नाव पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, आम्हाला कागद कशाला?' असे येथे कोणी म्हणेल. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने लोणावळ्यातील एका नामांकित चिक्की उत्पादकाला उत्पादन आणि विक्री थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा मालाची आवश्यक चाचणी करून घेतली जात नसल्याचा आक्षेप होता. नाव मोठे असणे आणि गुणवत्ता सिद्ध असणे या दोन भिन्न बाबी आहेत. जुन्या पेढीच्या नावामागे गिऱ्हाइकाशी असलेली रोजची भेट होती. ती भेटच उरली नाही, तर त्या नावाला चाचणीचा आधार द्यावाच लागेल.

बाजारातील लबाडीवर अंकुश ठेवणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, हा विचार आपल्याला परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष आहे आणि व्यापाऱ्यांच्या फसवणुकीपासून प्रजेचे रक्षण करण्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. आधुनिक काळात १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे.

या नव्या कायद्यातील तरतुदी प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हव्यात. फसलेल्या ग्राहकाला आता स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते; नागपूरच्या ग्राहकाला पुण्यात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारशुल्क नाही. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निपटारा करायचा असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे, तर आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते.

ताऱ्यांच्या बाजाराचीही दखल घेतली गेली आहे. पैसे देऊन लिहून घेतलेल्या खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक आणले. अभिप्राय देणारा खरा ग्राहक आहे का, याची खातरजमा करणे हा त्याचा गाभा आहे. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात आणले गेले. ज्यांना खोट्या ताऱ्यांतून लाभ होतो, ते स्वेच्छेने असे बंधन पाळतील, ही अपेक्षा भाबडी आहे. किमान मोठ्या संकेतस्थळांना तरी हे मानक बंधनकारक असले पाहिजे.

परंतु सारा भार शासनावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. कायदा फसवणुकीनंतर धावून येतो. विश्वास त्याआधी निर्माण करावा लागतो. लहान उत्पादकाला प्रयोगशाळेचा खर्च एकट्याने झेपत नाही, हे खरे आहे. म्हणूनच हे काम एकत्र येऊन करण्याचे आहे. गावातील भात उत्पादकांनी एकच पिशवी, एकच प्रतवारी ठरवावी. पिशवीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, भरडल्याची तारीख आणि वजन असावे. सामाईक नमुन्याची चाचणी सामाईक खर्चाने व्हावी. तंबूचालकांनी ग्रामपंचायतीच्या साहाय्याने नोंदणीकृत व्यावसायिकांची यादी प्रसिद्ध करावी, म्हणजे आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी ग्राहकाला नाव पडताळता येईल. मुक्काम रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील, हे आधीच लेखी सांगितलेले असावे. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. एकमेकांच्या चुकीची जबाबदारी घेण्याची तयारी लागते.

ग्राहकाचीही काही कर्तव्ये आहेत. सर्वांत स्वस्त ते निवडायचे आणि मग गुणवत्तेच्या नावाने बोटे मोडायची, हा दुटप्पीपणा आहे. पावती न मागणारा आणि 'जाऊ दे, पाचशेच रुपये गेले' म्हणून तक्रार टाळणारा ग्राहक पुढच्या फसवणुकीला नकळत भांडवल पुरवत असतो. आपल्या शाखा-शाखांतून, महिला मंडळांतून आणि गृहनिर्माण संस्थांमधून तक्रार कशी नोंदवावी, याचे साधे वर्ग घेता येतील. त्याचबरोबर शहरातील कुटुंबांचे गट आणि मावळातील शेतकरी यांची थेट सांगड घालून देता येईल. हे काम कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे.

गुलाबाच्या बाबतीत मावळच्या शेतकऱ्याने सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाचा विश्वास मिळवून दाखवला आहे. पुण्या-मुंबईच्या आपल्याच माणसाला तांदूळ देताना आणि मुक्कामाला बोलावताना त्याहून कमी काटेकोर राहण्याचे काही कारण नाही. पुढच्या सुगीचा तांदूळ पिशवीत भरला जाण्यापूर्वी या कामाला हात घातला पाहिजे.