लायसन्स ऑडिट : पत्र आणि आदेश यांतील अंतर

आपल्या देशात 'ऑडिट' या शब्दाला एक दरारा आहे. शासनसेवेत आयुष्य घालविलेल्या माणसाला तो अधिकच जाणवतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे पद संविधानाच्या अनुच्छेद १४८ ने निर्माण केले. त्यांची कर्तव्ये व अधिकार १९७१ च्या कायद्याने निश्चित केले. त्यांचे पथक आले की मागितलेले दप्तर पुढे ठेवावयाचे, हा संस्कार आमच्या अंगी मुरलेला असतो. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीकडून 'लायसन्स ऑडिट'चे पत्र आले म्हणजे आपले सार्वजनिक उपक्रम, आणि खाजगी कारखानेही, याच संस्काराने वागतात. मागितलेली प्रत्येक माहिती परतीच्या टपालाने पाठवितात, कंपनीचे मोजणीचे साधन सर्व यंत्रांवर चालवू देतात, आणि शेवटी हाती आलेल्या आकड्यापुढे हतबुद्ध होतात. माझे स्पष्ट मत असे की, ही आज्ञाधारकता अस्थानी आहे. नावाचे साम्य सोडले तर या दोन ऑडिटांत फारसे काहीच समान नाही.

शासकीय लेखापरीक्षणात आधी अर्धसमास येतो, त्याला उत्तर देण्याची संधी मिळते, मग प्रारूप परिच्छेद येतो, अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो आणि लोकलेखा समिती खात्याचे म्हणणे ऐकते. मुख्य म्हणजे, आक्षेप काढणाऱ्याला त्या आक्षेपातून एक पैचाही लाभ नसतो. लायसन्स ऑडिटमध्ये मोजणारा, मागणारा आणि तूट भरून काढण्यासाठी नवा माल विकणारा हे तिघे एकाच घरचे असतात. मोजणीचे काम बाहेरच्या हिशेबनिसांकडे दिले तरी व्याख्या विक्रेत्याच्याच राहतात. त्यामुळे अशा ऑडिटचा अहवाल हा निर्णय नव्हे. तो एका पक्षाचा दावा आहे. दाव्याला जसे उत्तर द्यावयाचे तसेच त्याला दिले पाहिजे.

येथे कायद्याची स्थिती नीट समजून घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास कलम ६३ब अन्वये किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी अथवा लाभासाठी नसेल तर न्यायालयास सौम्यता दाखविता येते. कलम ६४ अन्वये उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय अशा प्रती जप्त करू शकतो. दिवाणी न्यायालय आपला स्थानिक आयुक्त पाठवू शकते. 'ऑटोडेस्क विरुद्ध ए. व्ही. टी. शंकरदास' या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये अशा नेमणुकीविषयी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. पुरावा नष्ट होऊ नये हा नेमणुकीचा हेतू आणि विश्वसनीय माहिती हा तिचा आधार, असे त्यांचे सार सांगता येईल.

म्हणजे दारावर तीन प्रकारची माणसे येऊ शकतात. न्यायालयाचा आयुक्त आणि पोलीस अधिकारी यांना अडविता येत नाही, अडवूही नये. विक्रेत्याच्या प्रतिनिधीचा अधिकार मात्र करारातील तपासणीच्या कलमापुरताच असतो. सूचना किती दिवसांची, तपासणी वर्षातून किती वेळा, कोणत्या उत्पादनांची, खर्च कोणाचा, हे त्या कलमात पाहावे. कलम नसेल तर तपासणी आपल्या संमतीवर अवलंबून आहे. ज्याने पैसे मोजून माल घेतला आणि ज्याचा वाद केवळ संख्येचा आहे, त्याला पहिल्याच पत्रात कलम ६३ब ची आठवण करून देणे हा दबावाचा प्रकार होय.

बचावाचे पहिले काम स्वतःची मोजणी हे आहे, आणि ती विक्रेत्याच्या मोजणीपूर्वी झाली पाहिजे. एका राज्य उपक्रमाची जबाबदारी माझ्याकडे असताना असे पत्र आले होते. आम्ही खरेदीची बिले, पुरवठा आदेश आणि डेड स्टॉक रजिस्टर एकत्र बसून ताडून पाहिले. विक्रेत्याने तूट म्हणून दाखविलेल्या संख्येत निर्लेखित यंत्रे, निवृत्त कर्मचाऱ्यांची खाती आणि बंद अवस्थेतील राखीव प्रती यांचा भरणा होता. कायदेशीर धारकाने हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून ठेवलेली राखीव प्रत कलम ५२ अन्वये उल्लंघन ठरत नाही. उरलेली तूट खरी होती. तिचे पैसे आम्ही दिले. त्या संपूर्ण काळात पत्रव्यवहार एकाच अधिकाऱ्यामार्फत, लेखी, आवक-जावक क्रमांकासह होत असे. पत्र आल्यावर एकही प्रोग्राम यंत्रावरून काढू नये अशी सक्त सूचना होती, कारण घाईने केलेली साफसफाई पुढे पुरावा नष्ट केल्यासारखी दिसते.

दुसरे काम मोजमापाचे एकक पाहण्याचे. ते वापरकर्ता असेल, यंत्र असेल, प्रोसेसरचा गाभा असेल. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर असतील तर वापरलेला भाग मोजावयाचा की संपूर्ण यंत्र, हाही प्रश्न येतो. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सॅप विरुद्ध डियाजिओ' या खटल्यात दिलेला निर्णय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. डियाजिओच्या ग्राहकांना सॅपची प्रणाली दिसतही नव्हती. दुसऱ्या संकेतस्थळावर नोंदविलेली मागणी तिच्यापर्यंत पोहोचत होती एवढेच. तरीही करारातील शब्दांनुसार ते वापरकर्ते ठरले. सॅपची मागणी पाच कोटी चाळीस लाख पौंडांहून अधिक होती. जानेवारी २०२३ पासून ओरॅकलने जावाच्या नव्या वर्गणीचे एकक कर्मचारीसंख्या केले. जावाला कधी हात न लावणारा कर्मचारीही त्यात मोजला जातो. जुन्या कराराचे एकक जुनेच आहे की नव्या दरपत्रकावर सही करताना आपणच ते बदलले, हे म्हणून तपासावे.

प्रारूप अहवाल आल्यावर प्रत्येक ओळीला उत्तर द्यावे : मान्य, अमान्य, अथवा पुरावा मागितला आहे. मागील वर्षांचे देखभाल शुल्क आणि सवलतीविना पूर्ण दर या बाबी बहुधा वाटाघाटीच्या असतात. वित्तीय वर्षाअखेरची 'आजच सही केल्यास सूट' ही भाषा बाजाराची आहे. तडजोड झालीच तर मागील काळाचे सर्व दावे संपल्याचे लेखी घ्यावे. केवळ नवी खरेदी करून ते संपत नाहीत.

यावर आक्षेप असा येईल की, ही चोरांना पळवाट दाखविणे झाले. मला तसे वाटत नाही. ज्याने एक प्रत घेऊन पन्नास यंत्रांवर चढविली, त्याला यातील एकही उपाय वाचवू शकत नाही. उलट स्वतःची मोजणी त्याला आरशासमोर उभे करील. हे उपाय ज्याच्याकडे बिले आहेत पण ती सापडत नाहीत, अशा प्रामाणिक आणि अव्यवस्थित माणसासाठी आहेत. परप्रांती कारखाने आणि कार्यालये चालविणाऱ्या आपल्या मराठी बांधवांत असे पुष्कळ असतील. पन्नास माणसांच्या कारखान्याला अवाजवी मागणीचा एक धनादेश म्हणजे दोन कामगारांची वर्षभराची मजुरी असू शकते.

सर्वांत स्वस्त बचाव खरेदीच्या दिवशी होतो. तपासणीच्या मर्यादा, एककाची व्याख्या आणि वादाचे न्यायक्षेत्र ही तीन कलमे निविदेतच घालावीत. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले, त्याचाही विचार व्हावा. ज्याला सोडून जाण्याची वाट ठाऊक आहे, त्याच्याशी विक्रेता अदबीने बोलतो. पण यांपैकी काहीही करावयाचे तर आधी एक नोंदवही लागते. फर्निचरच्या प्रत्येक खुर्चीला क्रमांक घालणारी आपली कार्यालये लाखो रुपयांच्या परवान्यांना मात्र अजून तो घालीत नाहीत. ते काम या महिन्यात सुरू करता येईल. त्यासाठी कोणाच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.