हात शिकवा, मग 'हात' शिकवा

पाडव्याची शोभायात्रा झाली की संध्याकाळपर्यंत फोटोंचा पूर येतो. फडके रोडवरची गर्दी, फेटे, नथी, नऊवारीतल्या बुलेटस्वार... आणि एक फोटो हमखास असतो. चिकटपट्ट्या गुंडाळलेली बोटे, त्यातून पाझरलेले रक्त आणि खाली काहीतरी वीरश्रीचे वाक्य. शंभरेक लाइक्स. हा फोटो बघितला की माझे डोके फिरते. मंडळी, ते रक्त भक्तीचे वगैरे काही नाही, चुकीच्या पकडीचे आहे!

आता "हा आयटीवाला आम्हाला ढोल शिकवणार का?" असे म्हणणारे म्हणतीलच. म्हणोत. मी दोन सीझन पथकात वाजवले आहे, आणि त्यातला पहिला सीझन माझ्या मनगटाने भरला आहे.

डोंबिवलीत ही शोभायात्रा गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली. पुढे ठाण्यात, कल्याणात, गावोगाव तिचे लोण पोचले. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा पुण्यातल्या शाळांच्या पथकांनी घालून दिलेला ढोल-ताशाचा साचाही आपल्याकडे आला. मला त्याचा आनंदच आहे. आठवडाभर लोकलला लोंबकळणारी पोरं-पोरी शनिवार-रविवारी मैदानावर घाम गाळतात, यात वाईट काय? वाईट आहे ती शिकवण्याची पद्धत.

मी गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी कमरेला ढोल बांधला, उजव्या हातात टिपरू दिले आणि दादा म्हणाला, "समोरच्याचं बघ आणि वाजव." झालं शिक्षण! पुढचे दोन आठवडे पहिला हात, दुसरा हात, तिसरा हात. (पथकाबाहेरच्यांसाठी: वाजवण्याच्या ठरलेल्या बोलांना 'हात' म्हणतात.) गंमत बघा, एवढे 'हात' शिकवले, पण माझा हात कसा असावा ते कोणीच सांगितले नाही. मी आपला टिपरू मुठीत आवळून, खांद्यापासून दणके घालत होतो. तर्जनी कड्यावर घासून सोलली. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, "नवीन आहेस, सवय होईल."

सवय झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवता येईना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला, मनगट करंगळीच्या बाजूला वाकवले आणि मी किंचाळलो. अंगठ्याकडच्या स्नायुबंधांना सूज आली होती. तीन आठवडे पट्टा. माझे पोट ज्या हातावर आहे तोच हात! ऑफिसात डाव्या हाताने माऊस हलवताना जी काय शोभा झाली, ती वेगळीच.

मला पकड शिकवली ती कल्याणच्या एका काकांनी. त्यांची हयात बँजो पार्टीत ताशा वाजवण्यात गेली. माझी मूठ बघून म्हणाले, "घण मारतोयस काय रे? घरी पोळी लाटताना लाटणं असं आवळतात का?" मग त्यांनी ताशाची काडी माझ्या हातात ठेवली. अंगठ्याचे पेर आणि तर्जनीचा सांधा यांच्यामध्ये ती धरायची, टोकाशी नाही, थोडी पुढे. तिथे ती तराजूच्या दांडीसारखी झुलली पाहिजे. बाकीची तीन बोटे नुसती टेकवायची. तळहात जमिनीकडे. मारायचे मनगटाने, आणि मारले की तिला परत येऊ द्यायचे. सगळी मेख या परत येण्यात आहे. ताणलेले पान काडीला स्वतःच उडवते. मूठ आवळली की ती उडी मनगटात जिरते, आणि वर प्रत्येक ठोक्याला काडी उचलायचे काम तुमच्याच गळ्यात पडते. ताशाची तर्री तर या उडीशिवाय निघतच नाही. टिपरू जाड असले तरी नियम तोच.

शिवाय आवाजही आवळून वाढत नाही! तो वाढतो टोकाच्या वेगाने, आणि वेग येतो सैल मनगटातून. चामड्याचे पान पावसाळी हवेत सैल पडायचे. आताचे प्लास्टिकचे पान हवेला दाद देत नाही, कायम ताठ. त्यामुळे आवळलेल्या हाताला मारही जास्त.

जगभरात ही गोष्ट लोकांनी किती गांभीर्याने घेतली आहे! अमेरिकेत सॅनफर्ड मोलर यांनी १९२५ साली ड्रमच्या हातावर अख्खे पुस्तक लिहिले. लष्करी बँडमधल्या साइड ड्रमवाल्याचा डावा हात अनेकदा उलटा, तळवा वर असा दिसतो. तो ड्रम पट्ट्याने तिरका लटकायचा म्हणून ती पकड जन्मली. म्हणजे वाद्य अंगावर कसे बसते ते बघून हात ठरवला. आणि आपण? अहो, लांब कशाला, आपल्या गल्लीतल्या तबल्याच्या क्लासला जा. 'ना' वाजवताना बोट कुठे पडते, यासाठी गुरुजी पोराला महिनाभर रडवतात. तेच पोर पथकात आले की "दे दणका".

"हा काय मैफिलीचा प्रकार आहे का? इथे जोश लागतो," हा पुढचा युक्तिवाद. जोश हवाच. पण तालमीत पैलवानालाही आधी पडायला शिकवतात, आणि त्याच्या जोशाबद्दल कोणी शंका घेत नाही. दुसरे म्हणणे, "साठ जणांना कोण शिकवत बसणार?" फेट्याचा रंग कुठला यावर आमच्याकडे अडीच तास बैठक झाली होती, तेव्हा वेळेचे कारण मला सांगू नका. पथकात बारावीच्या मुली असतात, त्यांना त्याच हाताने पेपर लिहायचे असतात.

माझी मागणी फार मोठी नाही. पहिले तीन दिवस ढोल बांधायचाच नाही. जुन्या टायरवर फक्त टिपरू. बोटातल्या अंगठ्या घरी. ज्याचा हात सोलला, त्याला शाबासकी देण्याआधी त्याची पकड बघायची. आणि रक्ताचे फोटो पथकाच्या पानावर टाकायचे नाहीत.

हे सगळे मी आमच्या दादाला लिहून दिले आहे. तो "बघू" म्हणाला. गेल्या वर्षीही "बघू"च म्हणाला होता.